जिथे डेपो, तिथे मुक्काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, ६७ वर्षांच्या आई आणि नऊ वर्षांची मुलगी. स्वतःची गाडी नाही, भाड्याची परवडत नाही. हातात फक्त शनिवार-रविवार, सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं. मुलीने अजून समुद्र पाहिलेला नाही. एसटीने जाऊन, एक रात्र राहून पाच हजारांत जमेल का? आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर तिन्ही होतील का?

जमेल. तिन्ही मात्र होणार नाहीत, आणि करायच्या फंदातही पडू नका.

मी पुण्यातल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. सहल माझ्या गळ्यात पहिल्याच वर्षी पडली आणि निवृत्तीपर्यंत सुटली नाही. प्रासंगिक कराराच्या, म्हणजे सहलीपुरत्या भाड्याने घेतलेल्या एसटी गाड्या ठरवणं, पंचेचाळीस पोरं मोजून चढवणं आणि मोजून उतरवणं हे सगळं तिथे शिकलो. घरचे प्रवासही एसटीनेच केले, कारण गाडी कधी घेतलीच नाही. त्यातून एक नियम हाती लागला, तो आधी सांगतो: समुद्राला एसटीने जायचं तर ज्या गावात डेपो आहे त्याच गावात मुक्काम करायचा. तुमच्या तीन गावांपैकी डेपो आहे तो श्रीवर्धनला. प्रश्न तिथेच मिटला.

लोक उलटं करतात. आधी फोटो बघून किनारा ठरवतात, मग तिथली खोली, आणि शेवटी ‘एसटी असेलच की’. एसटी असतेही, जायला. अडतं ते परत येताना. डेपोच्या गावात गाडी फलाटावर रिकामी लागते. आरक्षण नसलं तरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते, आईंना आरामात चढवता येतं. एखादी फेरी रद्द झाली तर खिडकीतला नियंत्रक सांगतो, पुढची अमुक वाजता, नाहीतर माणगावपर्यंत ही धरा. दिवेआगरसारख्या गावात तुम्ही रस्त्याकडेच्या थांब्यावर उभे. गाडी आली तर भरलेली येते आणि नाही आली तर का नाही आली हे सांगायला कुणी नसतं. वळणाकडे बघत बसायचं.

हे मी शहाणपणाने शिकलेलो नाही. २०११ च्या डिसेंबरात आम्ही दोघं दिवेआगरला गेलो होतो. रविवारी दुपारी किनाऱ्याजवळच्या दुकानदाराला विचारलं, ‘पाचची गाडी आहे ना?’ तो म्हणाला, ‘आहे की.’ साडेचारला थांब्यावर जाऊन बसलो. पाच वाजले, सव्वापाच, पावणेसहा. शेवटी सायकलवरून जाणारा एक पोरगा थांबला आणि हसला. पाचची गाडी शाळेची होती. सोमवार ते शनिवार. दुकानदार खोटं बोलला नव्हता, मीच प्रश्न चुकीचा विचारला होता. आयुष्य शाळेत घालवलेल्या माणसाला रविवारी शाळेची गाडी येत नाही हे सुचू नये! मासळीचे रिकामे ट्रे घेऊन निघालेल्या एका टेम्पोवाल्याने म्हसळ्यापर्यंत आणून सोडलं. बायको माणगाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि माझ्या स्वेटरला महिनाभर बोंबलाचा वास येत होता.

तेव्हापासून मी ‘अमुकची गाडी आहे का’ असं विचारत नाही. ‘गेल्या रविवारी आली होती का’ असं विचारतो. आणि दुसरा प्रश्न, जो फारसं कुणी विचारत नाही: ‘वस्तीची गाडी कुठली?’ संध्याकाळी गावात येऊन रात्री तिथेच मुक्काम करणारी आणि पहाटे निघणारी ही गाडी. खेड्यापाड्यातल्या वेळापत्रकात सगळ्यात भरवशाची तीच, कारण ती आधीच गावात आलेली असते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपलेले असतात. पहाटे साडेपाचला ड्रायव्हर ओल्या वर्तमानपत्राने काच पुसताना दिसला की निश्चिंत व्हावं.

आता तुमचा मार्ग. स्वारगेटहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. साधारण १६० किलोमीटर, एसटीला साडेपाच-सहा तास. शनिवारी सकाळी सहाच्या आसपासची थेट गाडी धरलीत तर जेवायच्या वेळेला समुद्र दिसतो. गाडीच्या नेमक्या वेळा मुद्दाम लिहीत नाही, त्या हंगामाप्रमाणे बदलतात आणि लोक जुन्या वेळा पाठ करून फसतात. गुरुवारी स्वारगेटच्या चौकशी खिडकीवर जाऊन विचारून या, शुक्रवारी दुपारी श्रीवर्धन स्थानकात फोन करून परतीची खात्री करा. थेट गाडीत जागा नसेल तर नाउमेद होऊ नका. ताम्हिणीतून महाड-दापोलीकडे जाणारी कुठलीही गाडी माणगावला सोडते आणि माणगावहून श्रीवर्धनसाठी पुढची गाडी मिळते. पण आई बरोबर आहेत, तेव्हा जाताना तरी थेट गाडीचं आरक्षण कराच. कोथरूडकर असाल तर चांदणी चौकात हात दाखवून चढायचा मोह होईल. तो आरक्षण असेल तरच, आणि तेही चढायचा थांबा आधी तसा नोंदवला असेल तरच. नाहीतर घाटभर उभं राहणं नशिबी.

तिकिटाचा हिशेब लोक मोघम करतात, म्हणून जरा फोडून सांगतो. एसटीचं भाडं टप्प्यांवर चालतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. २०२५ च्या जानेवारीतल्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा दहा रुपयांच्या थोडा वर गेला. १६० किलोमीटर म्हणजे २७ टप्पे, म्हणजे पावणेतीनशे रुपये धरा. हे झालं पूर्ण तिकीट, आणि ते तुमच्या घरात एकट्या तुम्हालाच लागणार आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट, म्हणजे बायकोचं अर्धं. आईंचंही अर्धं. त्या ज्येष्ठही आहेत आणि महिलाही, पण दोन सवलती मिळून पाव होत नाही, अर्धंच लागतं. (पंचाहत्तरी ओलांडली की २०२२ पासून प्रवास मोफत आहे, त्याला अजून आठ वर्षं.) मुलगी पाच ते बारामधली, तिचंही अर्धं. म्हणजे चार माणसं, अडीच तिकिटं. एका बाजूला सातशेच्या आत, जाऊन-येऊन चौदाशे. एवढ्यात भाड्याची गाडी ताम्हिणीचा पायथासुद्धा दाखवणार नाही.

आईंचं आधार कार्ड त्यांच्याच पर्समध्ये असू द्या. तुमच्या बॅगेत तळाला ठेवलं तर कंडक्टर समोर उभा असताना अख्खी बॅग उपसावी लागते. सुटे पैसे घ्या. तिकिटाच्या मशीनवर आता मोबाइलने पैसे देता येतात, पण घाटात रेंज गेली की सगळी गाडी एका माणसाच्या मोबाइलकडे बघत बसते.

ताम्हिणीबद्दल एवढंच, की तुमच्या मुलीला गाडी लागते का हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागते असंच धरून चला. सीट पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे अशी घ्या. शेवटचा बाक चुकूनही नको, तिथे प्रत्येक खड्डा दुप्पट लागतो. पालक हमखास एक चूक करतात, ‘उलटी होईल’ म्हणून पोराला उपाशी बसवतात. रिकामं पोट अधिक ढवळतं. निघताना अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं, दूध अजिबात नाही. मग घाट सुरू व्हायच्या आधी आवळा सुपारी तोंडात आणि नजर खिडकीबाहेर लांब. मोबाइल काढून घ्या. मी सहलीत वर्गातल्या सगळ्यात मस्तीखोर पोराला ‘पुढचं वळण डावं की उजवं ते आधी ओळख’ असं काम लावायचो. तो पोरगा कधी ओकला नाही, त्याच्या शेजारी बसलेला गोष्टीच्या पुस्तकात डोकं घालणारा मात्र दरवेळी. तरी दोन प्लास्टिकच्या पिशव्या खिशात ठेवा. बॅगेत नको, खिशात. माणगावला गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबते, स्वच्छतागृह तिथेच. उतरताना कंडक्टरला सांगून उतरा, ‘आई आहेत, दोन मिनिटं लागतील.’ सांगितलं की थांबतात.

श्रीवर्धनला स्थानकातून गावात चालत जाता येतं आणि गावातून किनाऱ्यालाही. राहण्यासाठी हॉटेल न शोधता घरगुती सोय बघा. पोफळी (सुपारीची झाडं) आणि नारळाच्या वाडीतलं घर, चौघांना एक मोठी खोली, वातानुकूलन नको म्हटलं तर सोळाशे-सतराशेपर्यंत मिळावी. २५ डिसेंबर ते १ जानेवारी आणि मे महिन्यातल्या जोडून सुट्या सोडून, हे सांगायला नको. खोली ठरवतानाच जेवणाचं विचारा. घरगुती ठिकाणी हॉटेलासारखं ऐनवेळी ‘काय आहे’ चालत नाही. ‘रात्री किती पानं?’ असं विचारतील, त्याचं उत्तर सकाळीच द्यावं लागतं. उकडीचे मोदक हवे असतील तर ते आदल्या दिवशी फोनवरच सांगून ठेवा. तुम्ही खाणारे असाल तर दोघांना मासळीचं ताट आणि दोघींना शाकाहारी असं करा. बांगडा परवडतो. सुरमईच्या ताटाला हात लावलात की पाच हजारांचं गणित मोडलं म्हणून समजा. वालाचं बिरडं मिळालं तर मी सुरमई सोडून तेच खाईन, पण हा वैयक्तिक दोष आहे.

ते गणितही मांडतो. एसटी चौदाशे, खोली सोळाशे, चार वेळचं खाणं तेराशे, हरिहरेश्वरची जाऊन-येऊन फेरी दोनशे, पुण्यात घर ते स्वारगेट जाता-येता रिक्षा तीनशे. अठ्ठेचाळीसशे झाले. उरलेले दोनशे शहाळ्यांचे.

शनिवारी दुपार झोपून काढा. हे मी गांभीर्याने सांगतोय. सहा तासांच्या प्रवासानंतर आईंना ‘चला चला’ करत उन्हात वाळूवर नेण्यात काही पुरुषार्थ नाही. चारनंतर किनाऱ्यावर जा. श्रीवर्धनचा किनारा लांब, सपाट वाळूचा, आणि काठाने धूपप्रतिबंधक बंधारा आहे. आईंना त्यावर बसून नातीला पाण्यात खेळताना बघता येईल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं. बंधाऱ्याचं नुकसान झालं, पण खरा घाव वाड्यांवर बसला. इथली रोठा सुपारी नावाजलेली, आणि एका दुपारीत पोफळींच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. पोफळ लावून पीक घ्यायचं म्हणजे वर्षांची गोष्ट. ज्या घरी राहाल तिथल्या आजी-आजोबांना वाडीबद्दल विचारा, तुमच्या आईंना गप्पांना जोडीदार मिळेल.

रविवारी पहाटे जमलं तर मुलीला घेऊन जीवना बंदराकडे एक चक्कर मारा. होड्या आल्या असतील तर मासळीचा लिलाव बघायला मिळतो, आणि त्याला तिकीट नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावर फक्त वाळत घातलेली जाळी दिसतील.

मग सकाळच्या गाडीने हरिहरेश्वर. वीसेक किलोमीटर, तासाच्या आत. रीत अशी की आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर. आणि इथे प्रदक्षिणेचा प्रश्न येतो, तो नीट समजून घ्या. देवळामागून डोंगराच्या खाचेतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात आणि खडकांवरून किनाऱ्याकिनाऱ्याने डोंगराला वळसा घालता येतो. लाटांनी खडकावर जाळी कोरल्यासारखी नक्षी केली आहे, बघण्यासारखीच. पण ही वाट फक्त ओहोटीला मोकळी असते. भरती चढत असताना तिथे गेलेली माणसं वाहून गेलेली आहेत. पाटी आहे, पाटीशी वाद घालू नका. आईंनी पायऱ्यांवर जायचंच नाही.

ओहोटी केव्हा हे घरी बसून काढता येतं, आणि तुमचा शनिवार-रविवार निवडायलाही तेच उपयोगी पडेल. दिनदर्शिकेवर तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल ते पूर्ण भरतीचं घड्याळ, दिवसातून दोनदा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा: भरती सहाला, आणि त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे बाराच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा: ऐन दुपारी भरती आणि तीही उधाणाची. हा कोळ्यांचा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण शनिवार-रविवार निवडायला पुरतो. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं, हे विसरू नका.

म्हणजे तुमच्यासाठी रविवार अष्टमी-नवमीच्या आसपासचा हवा. सकाळी दहाला हरिहरेश्वरला पोचाल तेव्हा पाणी उतरत असेल, बारापर्यंत वाट मोकळी होत जाईल. त्या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि लाटाही जरा नरम असतात, लहान मुलीसाठी हेच बरं. तोटा असा की ओहोटीलाही पाणी पूर्ण आत जात नाही. काही खडक ओलेच राहतात आणि शेवाळावरून पाय सटकतो. चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खूप आत जाते, पण ती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. तेव्हा तुम्ही एकतर झोपलेले असाल किंवा एसटीत.

दिवेआगरचा मोह होईल. सुवर्णगणेश, रूपनारायण, सगळं खरं आहे. शेखाडीवरून श्रीवर्धन-दिवेआगर रस्ता समुद्राला लागून जातो आणि तो मला या सगळ्या भागात सगळ्यात आवडतो. पण रविवारी एसटीच्या भरवशावर दोन्ही गावं करायला गेलात तर दोन्हीकडे थांब्यावरच बसाल. हरिहरेश्वर नको असेल तर दिवेआगर करा, एक निवडा. चौघं असल्यामुळे एखादा मिनिडोरवाला (मोठी तीनचाकी रिक्षा चालवणारा) ‘दोन्ही फिरवून आणतो’ म्हणेल. भाडं ऐका, पाच हजारांतून वजा करा आणि मग ठरवा.

परतीचा हिशेब मागून पुढे करा. रविवारी संध्याकाळी आठ-साडेआठला स्वारगेट गाठायचं असेल तर श्रीवर्धन दोनच्या सुमाराला सोडावं लागतं, म्हणजे हरिहरेश्वरहून साडेबाराच्या आत निघावं लागतं. घाट उजेडात उतरतो... चुकलो, परतताना चढतो. शेवटची गाडी आपली मानायची नाही, शेवटून दुसरी आपली. आपली चुकली तर पुढची असते, शेवटची चुकली तर माणगावला रात्री नऊला उभं राहून महाडहून भरून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवावा लागतो. परतीचं आरक्षण जातानाच करून ठेवा.

हंगामाचं एका दमात सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जुलैत ताम्हिणी सुंदर दिसतो पण दरड पडली की रस्ता बंद. आषाढी वारीच्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गाड्या पंढरपूरकडे जातात आणि गणपतीत कोकणातल्या जादा गाड्यांसाठी इतर विभागांतूनही गाड्या मागवतात. तेव्हा वेळापत्रकातल्या बारक्या फेऱ्यांवर विसंबू नका. शिमग्याला चाकरमानी उतरतात, बसायला जागा मिळणार नाही.

कोल्हापूरचं कुणी विचारलं तर मी मालवण सांगेन, मुंबईचं विचारलं तर मुरूड-जंजिरा. गुहागर, देवगड, वेंगुर्ला, अलिबाग इथेही डेपो गावातच आहेत. कारण तेच.

सामान प्रत्येकी एक, मांडीवर मावेल एवढं. चाकांची सुटकेस एसटीच्या फळीवर बसत नाही आणि वाळूत चालत नाही. आणि मुलीचे ओले कपडे रविवारी सकाळीच वेगळ्या पिशवीत बांधा, गाठ मारून. मी एकदा नुसते गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले होते. म्हसळ्याच्या पुढे खालच्या सीटवरच्या गृहस्थांनी छत गळतंय म्हणून कंडक्टरला हाक मारली. बाहेर रखरखीत ऊन होतं.